मशीन हलकं करण्याचे दिवस

१० जून, सोमवार

शाळेनं निकालात काढलेले सहा संगणक आज आमच्या वाचनालयात आले. मी मार्चमध्ये निवृत्त झाले तेव्हाच हेडमास्तरांकडून कबूल करून घेतलं होतं की हे भंगारात जाणार नाहीत. टेम्पोवाल्यानं तांदळाची पोती उतरवावीत तसे ते धाडधाड उतरवले. मी ओरडले तेव्हा कुठे शेवटचे दोन नीट आले.

दामोदरन, म्हणजे वाचनालयाचा सेक्रेटरी, दारात उभा राहून नाक मुरडत होता. "टीचर, कॅरमबोर्ड हलवून हे ठेवायचं? म्हातारे माझ्या जिवावर उठतील."

"कॅरम खेळून कुणाचं भलं झालंय?" मी म्हटलं.

सगळ्यांत लिनक्स आहे, शाळेतलंच, पण नव्या आवृत्तीचं. या म्हाताऱ्या मशीनना ते झेपत नाही. बटण दाबल्यापासून पडदा तयार व्हायला बारा मिनिटं लागतात. घड्याळ लावून मोजली.

विणकर सोसायटीतली सुहरा टायपिंगचं पुस्तक घेऊन आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी. भूमितीत ढ, पण अक्षर मोत्यासारखं. माग ओढून ओढून तिचा उजवा खांदा गेला आहे. डॉक्टरांनी माग बंद करायला सांगितलंय. सोसायटीच्या ऑफिसातली टायपिस्ट डिसेंबरात निवृत्त होणार. सुहरानं सरकारी टायपिंगची परीक्षा, मल्याळम लोअर म्हणजे पहिल्या पातळीची, पास केली तर ती खुर्ची तिची, असं अध्यक्षांनी तोंडी सांगितलंय. परीक्षा २७ ऑगस्टला. तालुक्याच्या गावातला क्लास संध्याकाळी असतो आणि नंतर परतीची बस नाही. म्हणून आमचे संगणक येणार कळल्यापासून ती रोज चौकशी करत होती.

बारा मिनिटं शांत बसून राहिली, मग दोन पानं टाइप केली. म्हणाली, "छान चालतंय की, टीचर."

चालतंय? याला चालणं म्हणतात? मी तिला सांगितलं, "मोळे, पोरी, आठ दिवस थांब. असं हलकं करून देते की तू बटण दाबशील आणि खुर्चीत बसायच्या आत तयार."

१३ जून, गुरुवार

पहिलं मशीन झालं! जुनं सगळं पुसून टाकलं. खाली लिनक्सच, पण वरचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, साधा आणि हलका बसवला. सावल्या नाहीत, उड्या मारत उघडणाऱ्या खिडक्या नाहीत. चाळीस सेकंदांत पडदा तयार. काहीही न उघडता मेमरी खातंय फक्त ३१० एमबी. आधी सातशेच्या वर खायचं.

घरी येऊन प्रभाकरेट्टनना सांगितलं. आमचे हे पोस्टात चौतीस वर्षं होते, त्यांना कशाचंच कौतुक नसतं. केळ्याची भजी खात म्हणाले, "बरं. मग उरलेल्या मेमरीचं काय करणार?"

असले प्रश्न विचारणाऱ्या माणसाबरोबर मी संसार केला.

१७ जून, सोमवार

आणखी दोन झाली. सुहरा दहाला आली. तिला एका मशीनपुढे बसवलं. तिनं दोन कळा दाबल्या, पडद्यावर इंग्रजी अक्षरं. "टीचर, मल्याळम कुठंय?"

राहिलंच होतं. हलक्या डेस्कटॉपमध्ये ते आपोआप येत नाही, वेगळं बसवावं लागतं. मी बसवायला घेतलं. बारा वाजले. तिची सोसायटीत जायची वेळ झाली. "काही हरकत नाही, टीचर," म्हणाली. गुणी आहे.

२४ जून, सोमवार

पाच मशीन तयार. नवं ज्यावरून बसवायचं तो पेनड्राइव्ह सहावं ओळखतच नाही, तीन दिवस त्याच्याशी झटापट केली. शेवटी दामोदरनला म्हटलं, हे मेलेलं आहे, देऊन टाक भंगारात. "बघतो," म्हणाला आणि मागच्या खोलीत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांजवळ नेऊन ठेवलं. या माणसाला काही टाकून देववत नाही.

पाचही मशीनवर आता २६२ एमबी. मेनूतली निम्मी चिन्हं उडवली. खालची पट्टी वर नेली, कारण जुन्या चौकोनी पडद्यावर ती खाली जागा अडवते. सुहरा जरा गोंधळली. काल जिथं होतं तिथं आज का नाही, असं विचारत होती. सवय होईल.

२ जुलै, मंगळवार

२३८!

खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅमच बदलला. त्यासाठी पाचही मशीन सकाळभर बंद ठेवावी लागली. सुहरा बाकावर बसून होती. मी एक गोष्ट पाहिली: या पोरीला टेबलावर बोटं आपटत बसायची सवय आहे. समोर पुस्तक उघडं आणि दहाही बोटं टकटक, टकटक. माझं लक्ष विचलित होत होतं. शेवटी म्हटलं, "सुहरा, अस्वस्थ होऊ नकोस गं. होतंय."

"अस्वस्थ नाही, टीचर," म्हणाली आणि हात मांडीवर घेतले. मांडीवरही बोटं चालूच.

परीक्षेची भीती असते एकेकाला. मी तिला म्हटलं, मन शांत ठेव.

९ जुलै, मंगळवार

दामोदरनशी कडाक्याचं भांडण.

तो आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "टीचर, एक मशीन तरी तसंच राहू द्या. त्या पोरीला रोज दोन तास मिळतात. त्यातला तास तुमचा जातो."

"माझा? मी कुणासाठी करतेय हे?"

"ते मला काय ठाऊक," म्हणाला आणि पेपर लावायला निघून गेला.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. आयुष्यभर रेशन दुकानात तागडी धरली, हा मला शिकवणार! स्वतःला माउस धरता येत नाही. सुहरासमोर बोलला याचं जास्त वाईट वाटलं. ती बिचारी खाली मान घालून बसली होती. मी तिला विचारलं, "तुला त्रास होतोय का माझा? स्पष्ट सांग." लगेच म्हणाली, "छे छे, टीचर. किती करताय तुम्ही."

झालं तर मग.

१८ जुलै, गुरुवार

लिहायची लाज वाटतेय. पण इथं नाही लिहायचं तर कुठं?

२०४ पर्यंत आले होते. दोनशेच्या खाली जायचंच असं डोक्यात बसलं होतं. ब्लूटूथचं काहीतरी उगाच चालू दिसलं. या मशीनना ब्लूटूथ नाहीच. काढून टाकायचा हुकूम दिला. त्यानं यादी दाखवली की याच्याबरोबर हेही जाईल, तेही जाईल, चाळीसएक नावं, आणि विचारलं, हो की नाही? मी हो म्हटलं. यादी वाचली नाही. त्याहून वाईट म्हणजे पहिलं मशीन परत चालू करून बघायच्या आत तोच हुकूम बाकीच्या चारांवर दिला. एकावर जे खरं ते पाचांवर खरं, अशी गणिताच्या बाईची खात्री.

पाचही मशीन परत चालू केली. पाचही पडदे काळे. वर डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय, बाकी काही नाही. त्या यादीत अख्खा डेस्कटॉप होता, मल्याळम कीबोर्ड होता, सगळं होतं.

तेहतीस वर्षं मी पोरांना सांगत आले, प्रश्न पूर्ण वाचा आणि मग पेन उचला. किती जणांचे कान पिळले असतील.

परत बसवायचं तर इंटरनेट हवं. कालच्या वाऱ्यात फणसाचं झाड पडून वाचनालयाची लाइन तुटली आहे. सुहरा दहाला आली. पाच काळे पडदे बघितले. पुस्तक छातीशी धरून उभी राहिली आणि "येते, टीचर" म्हणून गेली.

२१ जुलै, रविवार

घरी इंटरनेटवरून एकेक भाग पेनड्राइव्हवर घ्यायचा, वाचनालयात जायचं, बसवायचा. तो म्हणतो, माझ्याआधी अमुक पाहिजे. परत घरी. अमुक म्हणतो, माझ्याआधी तमुक. आज नऊ खेपा झाल्या, छत्री दोनदा उलटी झाली.

प्रभाकरेट्टन खिडकीतून बघत होते. सातव्या खेपेला म्हणाले, "पोस्टमनलासुद्धा एवढं चालावं लागत नाही." हसू नव्हतं त्यांच्या आवाजात. बिनदुधाचा कट्टन चहा करून दिला, गूळ घालून. आपण होऊन त्यांनी चहा केल्याचं आठवत नाही मला.

२४ जुलै, बुधवार

पाचही मशीन उठून उभी राहिली. जीव भांड्यात पडला. आता ३०५ एमबी खातायत आणि मी एक अक्षर बोलणार नाही.

सुहरा आली नाही.

२९ जुलै, सोमवार

सुहरा अजून नाही. दहा ते बारा मी रोज पाच चालू मशीनसमोर एकटी बसते. परीक्षेला महिनाही राहिला नाही. दामोदरनला विचारलं तर "असेल काही काम" म्हणून त्यानं विषय टाळला.

मनात खोटं का ठेवू, मला रागच आला तिचा. एवढं पावसात भिजून मशीन उभी केली. चार दिवस अडचण आली म्हणून सोडून द्यायचं? माझ्या वर्गातही अशाच पोरी असायच्या. पहिलं उदाहरण चुकलं की वही मिटायच्या. चिकाटी म्हणून नाहीच.

३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी आठलाच वाचनालयात गेले. छत्री विसरले होते आणि प्रभाकरेट्टनना बाहेर जायचं होतं. पेपर वाचणारे दोघे म्हातारे सोडले तर कुणी नव्हतं. माझी पाच मशीन झाकलेली. पण कुठून तरी टकटक येत होती. टेबलावरची नव्हे, खऱ्या कळांची, सरसर.

मागच्या खोलीत गेले. मासिकांच्या गठ्ठ्यांमध्ये, स्टुलावर, सुहरा. समोर ते सहावं मशीन, मी मेलेलं ठरवलेलं. तोच शाळेचा जुना जड डेस्कटॉप, सावल्या, उड्या मारणाऱ्या खिडक्या, सगळं जिथल्या तिथं. उजव्या खांद्यावर गरम पाण्याची पिशवी दुपट्ट्यानं बांधलेली. मला बघून ती उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुमचे पडदे काळे झाले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. दामोदरेट्टन साडेसहाला उघडून देतात. बटण दाबून मी बाहेर झाडून घेते, तोवर हे तयार होतं."

"मला सांगितलं का नाहीस?"

तिनं खांद्यावरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "तुम्ही खूप खूश होतात, टीचर. रोज आकडा सांगायचात. निवृत्त झाल्यापासून तुम्हाला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. कसं सांगायचं?"

छत्री घेतली आणि बाहेर आले. पायरीवर दामोदरन पेपर दुमडत होता. मी म्हटलं, "हस आता."

"हसण्यासारखं काय आहे," तो म्हणाला. "बसा. चहा सांगतो."

बसले. दोघांनी चहा घेतला. टकटक ऐकू येत होती.

४ ऑगस्ट, रविवार

ती टेबलावर बोटं आपटत बसायची ती अस्वस्थ म्हणून नव्हे. सराव करत होती. माझ्यासमोर बसून, माझं होईपर्यंत, लाकडावर टाइप करत होती. आणि मी तिला म्हटलं, मन शांत ठेव.

रडले. प्रभाकरेट्टनना वाटलं कांदा.

५ ऑगस्ट, सोमवार

सात वाजता गेले. तिला म्हटलं, "मशीनला हात लावणार नाही. फक्त घड्याळ धरते आणि चुका तपासते. चालेल?"

"चालेल, टीचर."

चुका जवळजवळ नाहीत. वेग कमी पडतोय. बोटांना कळ लगेच सापडते, पण सलग दहा मिनिटं तोच वेग टिकत नाही. त्याला सरावाचे दिवसच लागतात, दुसरा इलाज नाही. आणि दिवस बावीस.

२० ऑगस्ट, मंगळवार

वेग वाढतोय. परीक्षेला लागणारा आकडा काल एकदा पार झाला, आज दोनदा नाही झाला. खांदा दुखतो तेव्हा ती ओठ चावते पण थांबत नाही. हिला मी चिकाटी नाही म्हणाले होते. ते पान फाडणार होते, फाडलं नाही. राहू दे.

२७ ऑगस्ट, मंगळवार

परीक्षा झाली. बसमधून उतरून सरळ वाचनालयात आली. "पेपर पूर्ण झाला का?" मी विचारलं. "शेवटच्या दोन ओळी राहिल्या, टीचर." दामोदरन म्हणाला, दोन ओळींनी काय होतंय. आम्ही तिघांनीही मान डोलावली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

निकाल लागला. वेगाच्या पेपरात तीन गुणांनी गेली.

मीच तिचा नंबर टाकून बघितला, माझ्या चाळीस सेकंदांच्या मशीनवर. तीनदा टाकला. सोसायटी आता जानेवारीत जाहिरात काढणार, अध्यक्षांनी तसं कळवून टाकलंय. पुढची परीक्षा त्यानंतर.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सुहराच्या घरी गेले. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. तिची उम्मा, म्हणजे आई, अंगणात मिरच्या वाळत घालत होती. सुहरा आतून बाहेर आली. डोळे सुजलेले, पण केस नीट विंचरलेले. मागावर जाणं थांबलंय. सोसायटीत बॉबिन भरायला बसवलंय तिला, म्हाताऱ्या बायकांच्या रांगेत. ती सदतिसाची आहे.

मी पाठ करून गेले होते ते बोलून टाकलं. "सुहरा, हे माझ्यामुळे झालं. तुझे सरावाचे अकरा दिवस मी वाया घालवले. रोजचे दोन तास धर, बावीस तास. तेवढे मिळाले असते तर तीन गुण सहज आले असते. मला माफ कर."

मला वाटलं ती नेहमीसारखं म्हणेल, काही हरकत नाही, टीचर. किती करताय तुम्ही. खरं तर तेच ऐकायला गेले होते.

"एकोणीस," ती म्हणाली.

"काय?"

"अकरा नाही, टीचर. एकोणीस दिवस. मी कॅलेंडरवर खुणा केल्यात."

भिंतीवरचं कॅलेंडर तिनं काढून आणलं नाही, दाखवलं नाही. मीही मागितलं नाही. उम्मानं आतून चहा आणि गुळाचे गोड उन्नियप्पम आणले.

निघताना तिला विचारलं, "पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरणार?"

"भरला. सकाळीच. सोसायटी नाही तर दुसरीकडे कुठं. सर्टिफिकेट तर माझंच राहील ना." मग म्हणाली, "ते मागच्या खोलीतलं मशीन परवा बंद पडलं, टीचर. उद्यापासून पुढच्या खोलीतलं वापरीन. एक नंबरचं. त्याला..."

"हात लावणार नाही," मी म्हटलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

साडेसहाला गेले. दामोदरननं दार उघडलं. एक नंबरच्या मशीनवरचं फडकं जरा वाकडं होतं. सरळ करावंसं वाटलं, नाही केलं. बाहेर बाकावर जाऊन बसले.

सुहरा सातला आली. बटण तिनं दाबलं. पट्टी वर होती ती खाली नेली, कशी न्यायची ते तिला येत होतं. खुर्ची ओढून बसली आणि पुस्तक उघडलं.

मी दारातून विचारलं, "येऊ का आत? घड्याळ धरायला?"

तिनं वळून बघितलं. "या, टीचर. पण खुर्ची जरा लांब ठेवा."

लांब ठेवली.